थेल्माच्या सीटवरचा हात

थेल्मा बॅरॅक्लॉ सकाळी कामाला निघताना काय करते, ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. सायकल भिंतीला टेकवलेली असायची. एका हाताने सीट धरून ती मागचं चाक वर उचलायची, दुसऱ्या हाताने पायडलला एक झटका द्यायची आणि मग हात काढून नुसतं बघत राहायची. चाक गरागरा फिरायचं आणि त्याच्याबरोबर पायडलंही, आपोआप, कुणी न फिरवता. तेवढं दिसलं की चाक खाली टेकायचं, आणि बाई हॅलिफॅक्सच्या उताराला लागायची. पाऊस असो, बर्फ असो, चॅपलच्या दारात पुरुष टोपी काढतात तितक्याच नेमाने हे चालायचं.

शेजारी नव्याने राहायला आलेली मुलगी एकदा हसत म्हणाली, "मिसेस बॅरॅक्लॉ, रोज काय बघता हो त्यात? तुमचं चाक कोण नेणारे?"

"नेलं तर कळेल गं," थेल्मा म्हणाली. "फिरवून ठेवलं तर कळत नाही."

मुलीला वाटलं म्हातारपणाचा छंद असेल. थेल्मा तेव्हा पन्नाशीचीही नव्हती, आणि छंद तर तो मुळीच नव्हता. तो राग होता. नीट घडी घालून ठेवलेला, रोज सकाळी एकदा उलगडून बघायचा राग.

क्वीन्सबरी डोंगराच्या अगदी माथ्यावर आहे. तिथला वारा कपडे वाळवत नाही, दोरीवरून पळवून नेतो. खाली दरीत हॅलिफॅक्स, आणि तिथल्या गालिच्यांच्या गिरणीत थेल्मा दुरुस्ती खात्यात होती. विणताना सुटलेला टाका डोळ्यांनी शोधायचा आणि सुईने भरायचा. दिवसभर मान मोडून वाकायचं काम. बाकीच्या बायका बसने यायच्या. थेल्मा सायकलवर जायची, आणि तीही फिक्स चाकाच्या.

सायकल क्लबातल्या लोकांची ती जुनी रीत होती. शर्यतींचा हंगाम संपला की चांगली चाकं पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकायची आणि हिवाळाभर फिक्सवर कामाला जायचं. फिक्स म्हणजे मागचं चाक आणि पायडल यांची पक्की गाठ. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. उतार लागला म्हणून पाय सोडून ऐटीत बसायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पाय उलटे दाबून चाकाला अडवायचं. पुढे एक ब्रेक असायचा, पण ओल्या लोखंडी रिमवर तो नावापुरताच. सगळी भिस्त पायांवर. हिवाळाभर असं केलं की वसंतात पाय यंत्रासारखे चालतात, आणि हिवाळाभर फ्रीव्हीलवर, म्हणजे पाय थांबवले तरी फिरत राहणाऱ्या मोकळ्या चाकावर, मजा मारली की पाय मऊ पडतात. हे क्लबातलं शेंबडं पोरही सांगायचं. म्हणूनच मागच्या चाकाला एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील असे दोन दातेरी चकरे बसवलेले असायचे. आसाचे दोन फुलपाखरी नट हाताने सैल करायचे, चाक उलटं फिरवून लावायचं, चेन चढवायची. चहा निवायच्या आत होणारं काम.

थेल्माचा नवरा क्लिफर्ड क्लबातला नावाजलेला गडी. गावातल्याच गिरणीत इंजिनखात्यात फिटर होता, कामावर चालत जायचा. शेकोटीच्या वरच्या फळीवर त्याने शर्यतींत जिंकलेले कप ओळीने मांडलेले असत आणि ते पुसायचं काम त्याची आई करी. ती त्यांच्याच घरात राहायची. सुनेला ते कप पुसू देत नसे. दांडे वाकतील म्हणे.

क्लबची मोठी शर्यत ईस्टरच्या शनिवारी, पहाटे. पंचवीस मैल, घड्याळाशी. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेक जण सोडायचा. निघणाऱ्याचे दोन्ही पाय पायडलच्या पट्ट्यांत अडकवलेले, म्हणून मागून एक जण सीट धरून उभा राहतो आणि सेक्रेटरीने "जा" म्हटलं की हात सोडतो. हे धरायचं काम कित्येक वर्षं क्लिफर्डकडे होतं. त्याचा हात भक्कम. सगळ्यांना सोडून झालं की शेवटच्या नंबरावर तो स्वतः निघायचा.

बायकांनी त्या दिवशी चहा करायचा.

लग्नानंतरच्या पाचव्या वर्षी क्लबच्या वार्षिक सभेत थेल्मा उठून उभी राहिली. "मी हिवाळाभर तुमच्यासारखीच फिक्सवर जाते. तुमच्यातल्या निम्म्यांपेक्षा जास्त उतार उतरते आणि चढते. मग शनिवारी माझ्या हातात किटली का?"

हशा झाला. मग वाद झाला. शेवटी सेक्रेटरी मिस्टर लम, पांढऱ्या मिशांचे, नियमांचे पक्के, वैतागून म्हणाले, "एक वर्ष बघू. बाई सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली आणि शेवटपर्यंत गेली, तर पुढच्या वर्षापासून नियमात घालतो. नाही राहिली, तर विषय कायमचा संपला. पुन्हा कुणी माझं डोकं खायचं नाही."

तीन बायकांनी नावं दिली. एकीला दिवस गेले, दुसरीच्या नवऱ्याने नको म्हटलं. उरली थेल्मा. ती उभी राहिली नाही तर दार बंद, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी क्लबची सहल डोंगरापलीकडे गेली होती. परतताना शेवटच्या चढावर थेल्मा एकेकाला मागे टाकत वर आली, आणि माथ्याच्या थोडं आधी क्लिफर्डलाही. मुद्दाम नाही. पाय चालत होते, ती चालली होती. माथ्यावर कुणीतरी ओरडलं, "क्लिफर्ड, तुझी बायको चहा टाकायला पुढे गेली रे."

क्लिफर्डही हसला. पण घरी येऊन त्याने बूट काढले ते एकेक करून आपटले.

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर तिच्या गुडघ्यांची काळजी सुरू झाली.

"फिक्सने गुडघे जातात," क्लिफर्ड म्हणायचा. "महिनाभर फ्रीव्हीलवर जा. उतारावर जरा पायांना आराम."

"तुझे गेले का?"

"माझी गोष्ट वेगळी."

सासूबाई बशीत चहा ओतत मध्ये पडायच्या. "लग्नाला पाच वर्षं झाली. घरात पाळणा नाही, आणि ही बाई पाय गरागरा फिरवत डोंगर उतरते. कसं व्हायचं?"

"फ्रीव्हील लावल्यावर होईल का?" थेल्माने विचारलं. "तसं असेल तर डॉक्टरांना सांगायला हवं. किती बायकांची सोय होईल."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली आणि त्या दिवसापुरतं बोलणं संपलं.

फेब्रुवारीतली ती सकाळ धुक्याची होती. रस्त्याचे दगड ओले, आणि अंधार अजून फिटला नव्हता. थेल्मा कोट चढवत होती तर क्लिफर्ड म्हणाला, "थांब, मी आणतो सायकल बाहेर. पायऱ्या निसरड्या आहेत."

पाच वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. त्याने सायकल उचलून रस्त्यावर नेली, दिवा लावला, आणि ती बसेपर्यंत मागून सीट धरून उभा राहिला, जसा शर्यतीत राहायचा तसा. थेल्माला बरं वाटलं. चढावरची ती गोष्ट त्याने मनातून काढली असेल, असं तिला वाटलं. ती "थँक यू, लव्ह" म्हणाली. हे तीन शब्द पुढे तिला जन्मभर टोचत राहिले. पडण्यापेक्षा जास्त.

त्याने सायकल उचलून नेली म्हणून तिला काही कळलं नाही. ढकलत नेली असती तर फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली असती. बसल्यावरही कळायला जागा नव्हती. पाय थांबले की फ्रीव्हील बोलतं, आणि फिक्सवर वर्षं काढलेल्या बाईचे पाय थांबतच नाहीत. गावातला सपाट रस्ता संपेपर्यंत ती पायडल मारत राहिली. मग उतार लागला. वेग वाढला. वळणाच्या आधी तिने नेहमीसारखे पाय उलटे दाबले.

पायांखाली काहीच नव्हतं.

जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. पायडलं उलटी फिरली, मागून कडकड टिकटिक झाली, आणि सायकल मोकळी सुटली. तिने पुढचा ब्रेक आवळला. ओल्या रिमवरून तो साबणासारखा घसरला. खाली वळणावर बससाठी माणसांची रांग उभी होती, छत्र्या आणि जेवणाचे डबे घेतलेली. तिने हँडल चॅपलच्या भिंतीकडे वळवलं.

गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढचा फोर्क वाकला. रांगेतल्या एका बाईने तिला आपला कोट पांघरला आणि कपाळावरचं रक्त पुसलं. थेल्मा भिंतीला टेकून बसली होती आणि एका हाताने मागचं चाक फिरवून बघत होती. पायडल हलत नव्हतं. तिला तिथेच सगळं समजलं.

इस्पितळात क्लिफर्ड संत्री घेऊन आला.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"संध्याकाळी. तुला आपोआप कळेल, गंमत वाटेल, असं वाटलं. तुझ्या गुडघ्यांसाठी केलं गं."

"फ्रीव्हीलवर निघणाऱ्या माणसाला दोन ब्रेक लागतात. तू फिटर आहेस, क्लिफर्ड."

तो संत्रं सोलत राहिला. फोडी नीट वेगळ्या करून त्याने बशीत मांडल्या. तिने एकही खाल्ली नाही.

राग तिथेच संपला असता कदाचित. चूक माणसाकडून होते, आणि थेल्मा काही दगड नव्हती. पण पुढचा रविवार आला.

क्लबातले चौघे-पाच जण तिला बघायला घरी आले. सासूबाईंनी पार्किन केक कापला. गळ्यात हात बांधून थेल्मा खुर्चीत बसलेली, क्लिफर्ड किटली घेऊन सगळ्यांना चहा देत होता. मिस्टर लम मान हलवत म्हणाले, "काय गं पोरी. इतकी वर्षं फिक्सवर काढलीस आणि आपलं चाक कुठल्या बाजूने लावलंय ते विसरलीस?"

थेल्माने क्लिफर्डकडे पाहिलं.

दुसरा कुणीतरी म्हणाला, "बायकांचं असंच. स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे ते झोपेत सांगतील."

सगळे हसले. थेल्मा क्लिफर्डकडे बघत राहिली. तिने त्याला वेळ दिला. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? चाक मी फिरवलं. बस, एवढंच. क्लिफर्डने मिस्टर लम यांच्या कपात दूध घातलं आणि म्हणाला, "होतं असं कधी कधी."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पाहुणे घरात होते, सासूबाई तिच्या तोंडाकडे टक लावून होत्या, आणि त्या वेळी ओरडली असती तर ती पडल्यामुळे डोकं फिरलेली बाई ठरली असती.  जाताना मिस्टर लम दारात थांबून जरा हळू आवाजात म्हणाले, "ईस्टरचं नाव काढून टाकू ना? मनाला लावून घेऊ नकोस. प्रयत्न केलास ते खूप झालं."

"नाव राहू दे," थेल्मा म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"त्यात सांगायचंय काय? माझा हेतू वाईट होता का? उगाच लोक हसतील."

"आत्ता हसतायत की. मला."

"तुला हसले तर ती थट्टा आहे. मला हसले तर..." आणि तो तिथे थांबला.

ते अर्धं वाक्य थेल्माने पुरं करायचा पुष्कळ प्रयत्न केला. बसमध्ये बसून कामाला जाताना, दुरुस्ती खात्यात उजव्या हाताने सुई चालवताना. शेजारच्या बाकावर बसणारी आयव्ही, तिची जिवाभावाची मैत्रीण, एक दिवस म्हणाली, "अगं, तू टाके भरतेयस का भोसकतेयस? गालिच्याने तुझं काय घोडं मारलंय?"

थेल्माने तिला सगळं सांगितलं. आयव्ही ऐकून घेत होती आणि तिची सुई हळूहळू थांबली.

"त्याला तू मरायला नको होतीस," ती शेवटी म्हणाली. "त्याला तू फक्त हळू व्हायला हवी होतीस."

"मला माहितेय."

"मग?"

"मग मी हळू होणार नाही."

क्लिफर्डचं म्हणणं, सायकल भंगारात द्यावी. थेल्माने एका शनिवारी ती आयव्हीच्या मदतीने खाली शहरात ढकलत नेली. सायकलवाल्याने फोर्क सरळ करून दिला. मग तिथल्याच अंगणात दोघींनी मागचं चाक शिकंज्यात धरलं आणि फ्रीव्हीलचा चकरा उलटा पिळून काढला. आयव्हीचं सारं वजन पान्यावर, थेल्माचा एकच हात. आयव्हीच्या तोंडून अशा शिव्या निघाल्या की सायकलवाल्याने दार लावून घेतलं.

घरी येऊन थेल्माने तो तेलकट चकरा शेकोटीवरच्या फळीवर, क्लिफर्डच्या कपांच्या मधोमध ठेवला.

"हे काय आणून ठेवलंयस?" सासूबाई म्हणाल्या. "लेसच्या कापडावर डाग पडतील."

"क्लिफर्डचं बक्षीस आहे. पुसत जा."

क्लिफर्डने तो तिथून उचलला नाही. उचलायचा तर का उचलला हे आईला सांगावं लागलं असतं.

हाड जुळलं, पण हँडल ओढलं की आतून कळ यायची. मार्चमध्ये थेल्मा पुन्हा सायकलवर गिरणीत जायला लागली. सकाळी उतार, संध्याकाळी चढ. पहिल्या आठवड्यात ती चढावर दोनदा उतरली आणि सायकल ढकलत आली. खिडकीतून क्लिफर्ड बघत होता. तिने मुद्दाम त्या खिडकीखालून ढकलत नेली. नंतर उतरायची वेळ आली नाही.

ईस्टरच्या शनिवारी पहाटे रस्त्याच्या कडेला क्लब जमला. गारठ्यात लोकरीच्या टोप्या, हातात चहाचे मग, मिस्टर लम यांच्या हातात घड्याळ. सर्वांत कच्च्या माणसाला आधी सोडतात, म्हणून थेल्माचा पहिला नंबर होता. ती रेषेवर आली. मागे पावलं वाजली, आणि सीटवर हात पडला. न बघताही तो कुणाचा ते तिला कळलं.

"सावकाश काढ," क्लिफर्ड कानाशी म्हणाला. आवाजात खरंच काळजी होती, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला. "खांदा ओढू नकोस."

"हात काढ."

"अगं, पट्ट्यांत पाय अडकवलेस की पडशील."

"हात काढ, क्लिफर्ड." ती मोठ्याने बोलली नाही. पण पहाटेच्या रस्त्यावर सगळं ऐकू जातं. "मागच्या वेळीही तूच धरलं होतंस. फेब्रुवारीत. चाक रात्री फिरवून ठेवलंस आणि सकाळी सीट धरून मला उतारावर सोडलंस. मी तुला थँक यू म्हटलं होतं."

कुणी चहा पीत होतं ते थांबलं. मिस्टर लम यांनी घड्याळावरून नजर वर केली, क्लिफर्डकडे पाहिलं, आणि मग परत घड्याळाकडे. घड्याळ तर थांबणार नव्हतं.

सीटवरचा हात निघाला.

"दुसरा कुणी धरेल, पोरी," मिस्टर लम म्हणाले.

"नको. एक पाय जमिनीवर ठेवून निघते. नियमात बसतं ना?"

"बसतं. वेळ जाईल."

"जाऊ दे."

"पाच," मिस्टर लम मोजू लागले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा घोगरा होता.

"जा" म्हटल्यावर थेल्मा निघाली. फिक्स चाकाचं पायडल कुणासाठी थांबत नाही. सायकल चालू लागली की ते वर येतं, खाली जातं, आणि मोकळ्या पायाने ते फिरतं असतानाच पकडावं लागतं. पहिल्यांदा तिचा बूट पट्टीवरून घसरला. दुसऱ्यांदाही. रेषेवरचे सगळे बघत होते आणि कुणी हसलं नाही. तिसऱ्या फेऱ्याला पाय पट्टीत बसला, आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली.

त्या दिवशी ती जिंकली वगैरे नाही. अर्ध्या वाटेवर खांद्याने साथ सोडली आणि तिने उरलेलं अंतर जवळजवळ एका हातावर काढलं. तरी तिच्यामागे दोघे पुरुष राहिले. एकाने वाऱ्याला दोष दिला, दुसऱ्याने टायरला. क्लिफर्ड शेवटच्या नंबरावर निघाला आणि त्याची सीट धरायला बराच वेळ कुणी पुढे होईना. शेवटी मिस्टर लम यांनीच एका हातात घड्याळ धरून दुसऱ्याने धरली.

पुढच्या वर्षी बायकांचं नियमात आलं. मिस्टर लम ते सांगायला स्वतः घरी आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "त्या रविवारी मी तुझ्या घरात जे बोललो..."

"हो. बोललात."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"त्याला होतं," थेल्मा म्हणाली, आणि त्यांना चहा दिला.

क्लिफर्ड आणि ती एकाच घरात राहिले. त्या काळी त्या गावात माणसं तशीच राहायची. तो वाईट नवरा नव्हता असं शेजारणी म्हणत. कोळसा आणायचा, दारू मर्यादेत, हात कधी उगारला नाही. थेल्मा ऐकून घ्यायची. पण "चुकलं माझं" असं तो कधीच म्हणाला नाही, आणि तिनेही ते मागितलं नाही. फळीवरचा चकरा सासूबाई वारल्यावरही तिथेच होता. आता कप पुसायचं काम थेल्माकडे आलं होतं. ती कप पुसायची. चकरा नाही.

गिरणीतल्या तिच्या शेवटच्या हिवाळ्यात एकदा पायऱ्यांवर बर्फ गोठला होता. क्लिफर्डचे केस तोवर गेले होते आणि गुडघेही, त्याचेच. तो काठी टेकत दारापाशी आला.

"पायऱ्या निसरड्या आहेत," तो म्हणाला. "मी आणू का सायकल बाहेर?"

"नको," थेल्मा म्हणाली.

तिने सायकल उचलून स्वतःच रस्त्यावर नेली, भिंतीला टेकवली, मागचं चाक वर धरलं आणि पायडलला झटका दिला. तो दारात उभा राहून बघत होता. चाक फिरत होतं तोवर पायडल फिरत होतं. ते पूर्ण थांबेपर्यंत तिने वाट पाहिली आणि मगच ती सीटवर बसली.